खडकाळ जमिनीत कुंपणाचे खांब पुन्हा पुन्हा सैल होतात, तेव्हा

कुंपणाचा खांब हलायला लागला की हात आधी सिमेंटच्या पिशवीकडे जातो. बुंध्याशी थोडं उकरायचं, दोन घमेली माल ओतायचा, वरून थापी मारायची. चार-सहा महिने खांब ताठ उभा राहतो. मग एखादा मोठा पाऊस किंवा वादळी रात्र येते, आणि सकाळी तोच खांब त्याच बाजूला कललेला दिसतो. माझ्या कुंपणात कोपऱ्यापासूनचा तिसरा खांब असा ओळीने तीन वर्षं कलला. तिसऱ्या खेपेला मी तो उपटून काढला आणि खाली काय चाललंय ते नीट पाहिलं.

खडकात वाटीसारखा खळगा होता. साधारण ३० सेंटिमीटर खोल, तोंडाशी रुंद, तळाशी निमुळता. त्यात ओतलेलं काँक्रीट अख्ख्या गाजरासारखं बाहेर आलं. त्याच्या अंगाला खडकाची एक कपचीसुद्धा चिकटलेली नव्हती. खळग्याच्या बाजूंना चिखलाचा गुळगुळीत थर होता, तळाशी बोटभर पाणी. एका बाजूच्या फटीत मात्र बारीक खडी ठासून बसली होती, इतकी घट्ट की छिन्नीने कोरून काढावी लागली.

त्या खडीनेच मला खांब का कलतो ते दाखवलं. काँक्रीट सुकताना किंचित आकसतं. ३० सेंटिमीटरच्या ठोकळ्यात ती फट केसाएवढी असते, पण खांब हलायला तेवढी पुरते. वाऱ्याने खांब एका बाजूला झुकतो, मागची फट उघडते, वरून रेतीचे कण त्यात पडतात. वारा थांबतो, पण कण पाचरीसारखे बसलेले असतात, म्हणून खांब पूर्ण परत येत नाही. पुढच्या झोतात तो आणखी थोडा झुकतो, आणखी कण पडतात. एकदा झुकलेला खांब आपोआप सरळ होत नाही तो यामुळे. आणि वरून घातलेलं नवं सिमेंट त्या पाचरीला झाकतं, काढत नाही.

मातीत खांब खोलीच्या जोरावर उभा राहतो, खडकात पकडीच्या जोरावर. खडकाळ जमिनीतल्या बहुतेक दुरुस्त्या फसतात त्या हा फरक लक्षात न घेतल्याने. ६० सेंटिमीटर खणायचं ठरवलेलं असतं, ३० वर पहार खणखणते, आणि मग "इथे खडकच आहे, हलणार कसा" म्हणून उरलेली खोली सोडून दिली जाते. खडक हलत नाही हे खरं. पण खांब त्याला धरून आहे का, हे कुणी पाहत नाही.

थोडा हिशेब करून पाहा. खांब जमिनीवर दीड मीटर आहे आणि टोकाला २० किलोचा जोर आला. खाली ६० सेंटिमीटर गाडलेला असेल तर बुंध्याच्या आत एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला तळाशी साधारण ७५-८० किलोचा दाब पडतो. ३० सेंटिमीटरच गाडलेला असेल तर हाच दाब दीडशे किलोच्या वर जातो. खोली निम्मी झाली की पकड दुप्पट लागते. चांगल्या खडकात ती सहज मिळते, चिखल माखलेल्या वाटीत मिळत नाही.

नेमकं काय हलतंय?

दुरुस्तीला हात घालण्याआधी ही एक चाचणी करा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बरेच दिवस वाचवतं. खांबाच्या बुंध्याभोवतीची माती झाडून काढा, काँक्रीटची कड आणि शेजारचा खडक स्वच्छ दिसू द्या. त्यावर तांब्याभर पाणी हळूहळू ओता. मग दुसऱ्या माणसाला खांब छातीच्या उंचीवर धरून सावकाश पुढे-मागे करायला सांगा आणि तुम्ही गुडघ्यावर बसून पाण्याकडे बघा.

बुडबुडे खांब आणि काँक्रीटच्या मधून आले तर खांब ठोकळ्यातून सुटलाय. लाकूड आकसलंय किंवा कुजलंय, नाहीतर लोखंड गंजलंय. बुडबुडे काँक्रीट आणि खडकाच्या मधून आले तर ठोकळा खडकातून सुटलाय, माझ्या खांबाचं झालं होतं तसं. कुठूनच बुडबुडे नाहीत, पण हात-दीड हातावरच्या मातीला बारीक भेग पडताना दिसली, तर तुमचा खांब ज्याला खडक समजून बसवलाय तो सुटा धोंडा आहे आणि खांबासकट तोच डुलतोय. आणि यातलं काहीच हलत नसेल, तरी खांब कुंपणाच्या ओळीतच कललेला असेल, तर दोष त्या खांबात शोधू नका. सरळ कोपऱ्याकडे जा, त्याबद्दल खाली सांगतो.

चौथा प्रकार सगळ्यांत जास्त आढळतो आणि सगळ्यांत कमी ओळखला जातो.

कातळ, तडकलेला खडक आणि धोंडा

पहार उभी धरून खडकावर आपटा. अखंड कातळ खणखणीत वाजतो आणि पहार हाताला झिणझिण्या आणत उसळते. तडकलेला खडक किंवा सुटा दगड बद्द वाजतो. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या जागेपासून ३०-४० सेंटिमीटरवर चारी बाजूंना पहार मारून बघा. चारही ठिकाणी जवळपास त्याच खोलीवर खडक लागला तर कातळ असण्याची शक्यता मोठी. एका बाजूला पहार भसकन खाली गेली तर तो धोंडा आहे. एक हात दगडावर सपाट ठेवून दुसऱ्या माणसाने कडेला घणाचा ठोका दिला तर सुट्या धोंड्याची थरथर तळहाताला वेगळी कळते. दोन-चार वेळा केलं की फरक ओळखू येतो.

धोंडा लागला तर त्याला चिकटू नका. तारेच्या किंवा जाळीच्या कुंपणात दोन खांबांतलं अंतर अडीच-तीन मीटर असतं आणि ते प्रत्येक ठिकाणी सारखंच असायला हवं असं नाही. खांब ओळीतच ३०-४० सेंटिमीटर पुढे किंवा मागे सरकवा. मी एका जागेसाठी सबंध दिवस घण चालवला होता, आणि शेवटी खांब दोन वीत सरकवून तासाभरात बसवला. तयार चौकटींच्या कुंपणात ही मुभा नसते. खडकाळ जमिनीला म्हणूनच मी तार किंवा जाळी सुचवतो, आणि भरीव फळ्यांचं कुंपण शक्यतो टाळायला सांगतो. भरीव कुंपण वारा अडवतं, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

अखंड कातळात

इथे काम कष्टाचं आहे, पण नीट केलं तर पुन्हा हात लावावा लागत नाही. कातळ थेट उघडा असेल तर मधल्या खांबाला ३० सेंटिमीटर आणि कोपऱ्याच्या, शेवटच्या व फाटकाच्या खांबाला ४५ सेंटिमीटर खोल भोक पुरतं. भोक खांबापेक्षा अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असावं आणि बाजू सरळ उभ्या असाव्यात. जमलं तर तळाशी किंचित जास्त रुंद करा. वाटीचा आकार अजिबात नको. वाटीतला ठोकळा वर उचलला की सुटतो. तळाशी रुंद असलेला अडकून बसतो.

आधीच वाटीसारखा खळगा तयार असेल तर तो मोठा करण्यापेक्षा त्याच्या तळाला आणि बाजूंना तिरकी तीन-चार भोकं पाडून त्यांत १२ मिलिमीटरच्या सळईचे तुकडे बसवा, अर्धे खडकात, अर्धे बाहेर. मग काँक्रीट ओता. ठोकळ्याला खडकात दात फुटल्यासारखं होतं. माझा तिसरा खांब आज याच पद्धतीने उभा आहे.

पूर्ण खांबाएवढं भोक पाडणं शक्य नसेल तर जाड सळई खडकात बसवून तिच्यावर पोकळ पाईप चढवतात आणि आत ग्राउट (फट भरणारा पातळ माल) भरतात. पद्धत चांगली आहे, पण एक चूक मी वारंवार पाहतो: १६ मिलिमीटरची एकच सळई वापरली जाते. दीड मीटर उंचीच्या खांबाच्या टोकाला दहा-पंधरा किलोने ढकललं तरी ती सळई खडकाच्या तोंडाशी वाकायला लागते. सळईची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनाने वाढते, म्हणून २५ मिलिमीटरची सळई जवळपास चौपट जोर सोसते. मधल्या खांबाला निदान तेवढी घ्या, आणि ती खडकात २५-३० सेंटिमीटर उतरू द्या.

भोक पाडल्यावर ते साफ करणं हे अर्धं काम आहे. भोकातली धूळ म्हणजे सळई आणि खडकाच्या मधली पावडर. ती राहिली तर सगळ्यांत महाग इपॉक्सीसुद्धा (दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) पावडरलाच चिकटतं. आधी हवा मारा, मग तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा हवा मारा, आणि हे सगळं परत एकदा करा. करंगळी आत घालून बाहेर काढल्यावर ती स्वच्छ असली पाहिजे. इपॉक्सी वापरणार असाल तर भोक कोरडं हवं आणि सळईपेक्षा ३-४ मिलिमीटर रुंद असलं तरी चालतं. सिमेंटचं ग्राउट असेल तर भोक सळईच्या दुपटीपर्यंत रुंद लागतं आणि ते आधी पाण्याने भिजवून घ्यावं लागतं, कारण उन्हात तापलेला कोरडा खडक मालातलं पाणी शोषून घेतो आणि ग्राउट कडेला भुसभुशीत राहतं. भिजवायचं म्हणजे आत पाणी साचू द्यायचं नाही. ओलसर असावं, डबकं नसावं.

ही धूळ फुफ्फुसांना कायमचं नुकसान करते. खडकात सिलिका असतं आणि त्याचे सूक्ष्म कण वर्षानुवर्षं आत गेले तर सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. भोक पाडताना बारीक धूळ अडवणारा चांगला मास्क, चष्मा आणि जमलं तर पाण्याची धार ठेवा. तोंडाने फुंकर मारून भोक साफ करू नका. शिवाय खाली वीज किंवा पाण्याची लाईन नाही ना, याची खात्री आधी करून घ्या.

तडकलेल्या खडकात

मुरूम आणि फुटलेल्या खडकात काँक्रीटपेक्षा दगडाच्या चिपा ठासणं मला जास्त भरवशाचं वाटतं, कारण पाणी निचरून जातं आणि पुढे एखादा खांब सैल झाला तरी चिपा ठोकून परत घट्ट करता येतो. पण चिपा कुठे बसवायच्या याला नियम आहे. खांब वर ज्या बाजूला ढकलला जातो, त्या बाजूला खड्ड्याच्या तोंडाशी दाब येतो. तळाशी तो उलट बाजूला येतो. तेव्हा सगळ्यांत मोठ्या, चपट्या चिपा याच दोन ठिकाणी उभ्या ठोकायच्या. आधी तळाशी दोन-तीन, हातोडीचा आवाज बद्दवरून टणक होईपर्यंत. मग १० सेंटिमीटरचे थर करून मुरूम, पाणी, ठोकणं. मधल्या थरांत कसर राहिली तर चालते. शेवटी तोंडाशी पुन्हा मोठ्या चिपा. दर थराला ओळंबा लावून बघा, कारण एक जास्तीची चीप खांबाला बोटभर हलवते आणि ते वरच्या थरात दुरुस्त होत नाही.

खड्डा खणताना निघालेला सैल, हाताने सुटणारा खडक आत ठेवू नका. त्यावर ठासलेलं सगळं त्याच्याबरोबर हलतं.

लाकडी खांब असेल तर पाण्याचा विचार आधी करा. कातळातला खळगा म्हणजे तळाला निचरा नसलेली बादली. लाकूड जमिनीच्या पातळीला कुजतं असं आपण म्हणतो, पण खळग्यात ते तळापासूनही भिजत राहतं. उताराच्या बाजूने छिन्नीने बोटभर रुंद चर कोरून पाण्याला वाट द्या. काँक्रीट असेल तर त्याचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि चारी बाजूंना उतरता ठेवा. जिथे पाणी गोठतं तिथे हे आणखी महत्त्वाचं, कारण फटीतलं पाणी बर्फ होताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ठोकळा वर उचलतं.

कोपरा हलतो आणि भोगतात मधले

मघाचा चौथा प्रकार. ताणलेली प्रत्येक तार कोपऱ्याच्या खांबाला आपल्याकडे ओढत असते. पाच तारा आणि प्रत्येकीला १०० किलो ताण धरला तर तो खांब रात्रंदिवस ५०० किलो सोसतो. शिवाय तार तापमानाने लांब-आखूड होते. १०० मीटर तार ३० अंशांच्या फरकाने ३६ मिलिमीटर बदलते. दोन्ही टोकं अजिबात हलली नाहीत तर अडीच मिलिमीटरच्या तारेत थंड रात्री सुमारे ३५ किलो जास्तीचा ताण येतो, पाच तारांत पावणेदोनशे. भर दुपारी तार गच्च ताणली असेल तर हे सगळं पहाटे कोपऱ्यावर येतं. कोपरा थोडा सरकतो, तारा ढिल्या पडतात, आपण पुन्हा ताणतो, तो पुन्हा सरकतो. मधल्या खांबांवर तारा आवळून बांधलेल्या असतील तर तेही ओळीत ओढले जातात. मधल्या खांबांवर तार घसरू शकेल इतकीच पकड ठेवा.

कोपऱ्याला आधार देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, शेजारी दुसरा खांब, दोघांच्या मध्ये वरच्या बाजूला आडवा दांडा, आणि एक तिरकी तार. खांबांतलं अंतर दांड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट हवं. तिरकी तार आतल्या खांबाच्या माथ्यापासून कोपऱ्याच्या खांबाच्या बुंध्याकडे जायला हवी. उलट बांधलेली तार काहीच काम करत नाही, आणि उलट बांधलेल्या तारा मी बऱ्याच पाहिल्या आहेत. दुसरा मार्ग तिरका टेकू. खडकात त्याच्या पायाला छिन्नीने खाच करून दिली की तो खचत नाही, ही खडकाची मोठी सोय. पण टेकू जितका उभा, तितका तो खांबाला वर उचलतो. ४५ अंशांत लावला तर जेवढा आडवा जोर घेतो तेवढाच वर ढकलतो. मातीत पाय थोडा दबून हे लपतं, खडकात लपत नाही. म्हणून टेकू लांब आणि आडवा घ्या, आणि कोपऱ्याचा खांब सळईने खडकाला बांधा.

कोपऱ्यावर खणणंच शक्य नसेल तर जाळीचा गोल पिंजरा करून त्यात दगड भरा, मध्ये खांब. १.२ मीटर व्यास आणि तेवढीच उंची असली की दगडांमधल्या पोकळ्या धरूनही वजन दोन टनांच्या वर जातं. दगड टाकू नका, हाताने रचा, आणि ते जाळीच्या भोकापेक्षा मोठे असू द्या. खाली उतरता कातळ असेल तर पिंजरा घसरू नये म्हणून उताराच्या बाजूला दोन सळया ठोकून ठेवा. शेतातले निवडून काढलेले दगडही यात जिरतात.

खोलगट जागेतला खांब

खडकाळ जमीन सपाट क्वचितच असते. कुंपण खळग्यातून जातं तिथला खांब बाजूला कलत नाही, हळूहळू वर येतो. दोन्हीकडून चढत जाणाऱ्या तारा त्याला उपटत असतात. दोन्ही बाजूंना १० मीटरला १ मीटर चढ आणि मघाच्याच पाच तारा धरल्या तर खांबावर वर खेचणारा जोर १०० किलोच्या आसपास येतो. इथे सिमेंटचा छोटा ठोकळा त्याच्यासकट निघून येतो. कातळ असेल तर शेजारी एक सळई तिरकी बसवून खांब तिला तारेने खाली बांधा. कातळ नसेल तर सगळ्यात खालच्या तारेला मोठा धोंडा लटकवा, किंवा त्या खांबावर तारा संपवून नव्याने सुरू करा, म्हणजे तो कोपऱ्यासारखाच बांधावा लागेल.

माल ओतल्यावर सात दिवस तरी ओला ठेवा आणि तोपर्यंत ताण देऊ नका. सात दिवसांत साध्या काँक्रीटची ताकद पूर्ण ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश होते. कोपऱ्यांसाठी मी २८ दिवस थांबतो. ताण देण्याआधी प्रत्येक दुरुस्त खांबाच्या बुंध्याशी, काँक्रीट आणि खडक दोन्हींवरून जाणारी एक रंगाची रेघ ओढून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर फेरी मारली की ती रेघ कुठे तुटली ते उभ्या-उभ्या दिसतं, आणि ती तुटली असेल तर फटीत खडी बसायच्या आत तो खांब हाती घेता येतो.